सकाळची आईला, संध्याकाळची मला

माझ्या उजव्या मांडीवर रुपयाएवढा एक लाल चट्टा उठला आणि त्यापायी अडीच महिन्यांनी माझी आई सांगलीच्या दवाखान्यात ऍडमिट झाली. चट्टा माझा, मांडी माझी, खाजवणारा मी, आणि सुया टोचल्या आईला. हे कसं काय झालं, असं लोक मला अजून विचारतात. गल्लीत विचारतात, शाळेत विचारतात, परवा आष्ट्याच्या स्टँडवर एका अनोळखी गृहस्थांनीही विचारलं. सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आलाय, म्हणून एकदाच काय ते लिहून टाकतो. ज्यांना विचारायचंय त्यांनी वाचावं आणि मला सोडावं.

मी आष्ट्यातल्या एका हायस्कुलात वरिष्ठ लिपिक आहे. आमच्या आईचं, म्हणजे राहीबाईंचं, वय बहात्तर. गेल्या वर्षी तिच्या हृदयाचा पंप अशक्त झाल्याचं निघालं आणि तेव्हापासून तिला रोज चार गोळ्या चालू आहेत. धाकटा भाऊ ऋषिराज फौजेत आहे. जाताना तो मला म्हणाला होता, "दादा, आई तुझ्यावर सोपवून चाललोय." पुढच्या सुट्टीत तो तिला औंधला यमाईच्या दर्शनाला नेणार होता आणि आईचा हट्ट असा, की डोंगर चढीन तर माझ्या पायांनी. म्हणजे ऋषिराज येईपर्यंत आईला धडधाकट ठेवणं हे माझं काम. ते मी मन लावून करत होतो. सोमवार ते रविवार अशा कप्प्यांची एक डबी आणली होती. दर रविवारी चष्मा लावून मी ती भरायचो आणि तेवढा वेळ घरात कुणी माझ्याशी बोलायचं नाही असा नियम होता.

तर चट्टा. आमच्या ऑफिसातल्या खुर्चीला रेक्झिन, माझ्या पँटीला टेरिकॉट आणि दिवस एप्रिलचे. अशात चट्टा उठला नसता तरच नवल. मी कुणाला काही बोललो नव्हतो. पण आमचे शेजारी आकारामबापू, एसटीत तीस वर्षं ड्रायव्हर होते, त्यांनी फाटकापाशी मला हटकलंच.

"मानसिंगराव, गजकर्ण हाय ह्यो."

"तुम्हाला पँटीवरनं कसं कळलं?"

"खाजवायच्या तालावरनं. निस्तं खाजवणं येगळं आन् गजकर्णाचं येगळं. त्येला ठेका आस्तो."

आणि त्यांनी उपाय सांगितला. बॅटरीचं पाणी. होय, एसटीच्या बॅटरीतलं. "आमच्या डेपोत समदी लावायची."

"आणि बरी व्हायची?"

"खाज जायची की."

"आणि कातडी?"

"ती बी जायची," बापू प्रामाणिकपणे म्हणाले.

मी तिथून काढता पाय घेतला. घरात आलो तर बापूंचा आवाज आधीच आत पोचलेला आणि आमच्या सौ. मंगल टाकळ्याचा पाला वाटत बसलेल्या. या माहेरच्या मेढ्याच्या. जगातल्या कुठल्याही रोगावर जावळीच्या डोंगरात पाला उगवतो अशी यांची खात्री आहे. तो पाला लिंबाच्या रसात कालवून तिनं मला लावायला दिला. लावल्यावर मी बाथरूममधून जो ओरडलो तो ऐकून पलीकडच्या धोंडुबाई "कोण गेलं?" म्हणून विचारायला आल्या.

मग मी शिकल्यासवरल्या माणसासारखा विचार केला आणि मेडिकलात गेलो. मेडिकलवाला शंभूराज आमच्याच शाळेचा माजी विद्यार्थी. दहावीला विज्ञानात काठावर पास झाला होता, हे त्याच्या गुणपत्रकावर मीच शिक्का मारल्यामुळे मला पक्कं ठाऊक होतं. तरीही मी त्याला विचारलं. माणसाची बुद्धी फिरते ती अशी. त्यानं मागे न बघता फळीवरून एक ट्यूब काढली. "सर, ही लावा. दोन दिवसांत गायब." डॉक्टरची चिठ्ठी त्यानं मागितली नाही, मी दिली नाही. दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

आणि खरंच गायब झालं हो! तिसऱ्या दिवशी मांडी लख्ख. मला इतका आनंद झाला, की मी ट्यूब फाटकावरूनच बापूंना दाखवली. त्यांच्या कोपराला काहीतरी होतं, त्यांनी बोटभर नेली. धोंडुबाईंनी ती वांगावर म्हणून चेहऱ्याला लावली आणि आठ दिवसांत त्या अशा उजळल्या, की गल्लीतल्या बायका ट्यूबचं नाव लिहून घ्यायला आमच्याकडे येऊ लागल्या. मी नाव सांगायचो, वर किती लावायची तेही सांगायचो. आपल्याला कोणी काही विचारलं की फार बरं वाटतं माणसाला.

ट्यूब संपली आणि आठवड्यानं चट्टा परत आला. या खेपेला एकटा आला नाही. मांडीवर ताटलीएवढा, कमरेला दोन, काखेत एक. मी दुसरी ट्यूब आणली. लावली की दबायचं, थांबवलं की दुप्पट. तिसरी ट्यूब झाली तेव्हा मी खुर्चीवर बसणं सोडून दिलं होतं आणि शाळेची आवकजावक उभ्यानं लिहीत होतो.

उभ्यानं लिहिताना माणूस जास्त उठून दिसतो. त्यातच एके दिवशी मी सर्व्हिस बुकं ठेवायच्या लोखंडी कपाटाच्या कडेला कंबर घासत असताना मुख्याध्यापक आत आले. त्यांनी मला ते पूर्ण करू दिलं, हे त्यांच्या सभ्यतेला धरून झालं. पण मग म्हणाले, "मानसिंगराव, हे संसर्गजन्य आहे का?"

"असेल बहुतेक, सर."

"मग मस्टरवर सही करू नका. सगळे त्याच पेनानं सह्या करतात. संसर्ग होत नसल्याचा दाखला आणा आणि करा सही."

आष्ट्यातल्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "संसर्ग होतो, तर होत नाही असं कसं लिहू?" मी परत आलो आणि म्हणालो, मग मला वैद्यकीय रजा द्या. मुख्याध्यापक म्हणाले, "कामावर येण्यास असमर्थ असल्याचा दाखला आणा." डॉक्टर म्हणाले, "असमर्थ कुठं आहात? खाजवत खाजवत काम करता येतं की." म्हणजे मला सही करायला बंदी आणि घरी बसायलाही बंदी! तब्बल नऊ दिवस मी शाळेत रोज हजर होतो आणि मस्टरवर माझ्या नावापुढं पेन्सिलनं एक प्रश्नचिन्ह होतं. सव्वीस वर्षांच्या नोकरीत हा अपमान मी पहिल्यांदा गिळला. शेवटी डॉक्टरच वैतागले. "तुम्ही सांगलीला स्किनच्या डॉक्टरांकडे जा, मला सोडा," म्हणाले.

गेलो. आष्टा ते सांगली एसटीत उभा. जागा होती, तरी उभा. कंडक्टर दोनदा म्हणाला, "बसा की काका," आणि तिसऱ्यांदा त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की मी मान फिरवून उसाच्या शेतांचं निरीक्षण करू लागलो.

स्किनचे डॉक्टर राजवर्धन हे तिशीतले, चष्मेवाले, आणि बोलायला भलतेच फटकळ. त्यांनी माझ्या खिशातली ट्यूब दोन बोटांत धरून उजेडात नेली.

"ही कुणी दिली?"

"मेडिकलनं."

"कुठल्या डॉक्टरनं, असं विचारतोय."

"डॉक्टरनं नाही. मेडिकलनं."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. म्हणाले, "यात स्टेरॉइड आहे. हे खाज दाबतं, लाली दाबतं, तुम्हाला वाटतं बरं झालं. खाली बुरशी मजेत वाढत असते. वर कातडी पातळ होते ती वेगळीच. हे वळ बघा मांडीवर, हे आता जायचे नाहीत. घरात आणखी कुणी लावली ही?"

मी म्हणालो, "घरात नाही." गल्लीचं त्यांनी विचारलं नव्हतं.

मग प्रश्न सुरू झाले. कावीळ झाली होती का? नाही. दारू? मी छाती काढून म्हणालो, आयुष्यात नाही. हृदयाचा काही त्रास? नाही. कोलेस्टेरॉलच्या, बीपीच्या गोळ्या? नाही. ॲसिडिटीची? ती मात्र रोज सकाळी घेत होतो, मुख्याध्यापकांमुळे. "ती बंद. तिच्यामुळे ही कॅप्सूल अंगात नीट उतरत नाही. पोटभर जेवणावर घ्यायची. सकाळी एक, संध्याकाळी एक, चार आठवडे. बरं वाटलं म्हणून मधेच सोडायची नाही. आधी लिव्हरची रक्ततपासणी करा. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, पायावर सूज आली, दम लागला, यातलं काहीही झालं तर कॅप्सूल थांबवायची आणि सरळ इकडे यायचं. आणि घरात आणखी कुणाला खाज असेल तर त्या माणसाला इथं घेऊन यायचं. कळलं?"

कळलं म्हणजे काय! मी सगळं डायरीत लिहून घेतलं, अनुक्रमांक टाकून, खाली रेघ ओढून. इतका शहाणा पेशंट त्यांना महिन्यात मिळाला नसेल, असं मला जिना उतरताना वाटलं.

लिव्हरची तपासणी आष्ट्यातल्याच लॅबमध्ये केली. रिपोर्ट उत्तम आला, पण रिपोर्ट कोण वाचतो? लॅबमध्ये बापू शुगर तपासायला आले होते, त्यांच्या कानावर नुसतं "लिव्हर" पडलं. संध्याकाळपर्यंत गल्लीत झालं, मानसिंगरावांचं लिव्हर गेलं. मी आजवर ताकाला सुद्धा आंबट म्हणून नको म्हणणारा माणूस. पण आपल्याकडे लिव्हरचा अर्थ एकच. दुसऱ्या दिवशी बापू फाटकाशी आले. मला वाटलं समजूत काढायला आले असतील. त्यांना राग आला होता.

"तीस वर्सं शेजार हाय आपला. येकटंच बसत व्हतासा व्हय? येकदा तरी हाळी मारायची!"

मी रिपोर्ट आणून त्यांच्या हातात दिला, आकडे वाचून दाखवले. बापू ऐकून घेऊन म्हणाले, "आसू द्या, आसू द्या. कागुद काय बी करून मिळतोय."

इकडे घरात मी कायदा लावला. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा, त्यावर मार्करनं नाव. माझे कपडे गरम पाण्यात वेगळे, उन्हात उलटे वाळवायचे आणि वर इस्त्री. अंतर्वस्त्रांना इस्त्री करणारा माणूस आमच्या गल्लीत आजवर झाला नव्हता. मी ओसरीवर बसून ते करत असताना धोंडुबाई उभ्या राहून बघायच्या. त्यांचा स्वतःचा चेहरा तोवर टोमॅटोसारखा लाल झाला होता आणि ट्यूब बंद करा, डॉक्टरला दाखवा, हे मी त्यांना चारदा ओरडून सांगितलं होतं. "तुमीच तर दिलीसा," एवढंच त्या म्हणायच्या. शंभूराजच्या मेडिकलात जाऊन मी स्टेरॉइडवर दहा मिनिटं भाषण दिलं. शाळेत दिलं, एसटीत दिलं. दुसऱ्याचं औषध घेऊ नये, अर्धवट सोडू नये, मनानं खाऊ नये. दहा दिवसांत माझी खाज उतरली तसा माझा आवाज चढला. रोज सकाळी उठलो की मी माझ्या घोट्यावर बोट दाबून सूज बघायचो, आरशात डोळे पिवळे बघायचो आणि डायरीत टिक करायचो.

आणि असं सगळं नीट चाललेलं असताना मंगलनं मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं, "आवं, आत्यांना पण झालंय." सासूला ती आत्या म्हणते. "लुगड्याची गाठ बसते ना, तिथं कमरेला. रात्रंदिवस खाजवतायत. मला पण दाखवत नव्हत्या."

मी आईकडे गेलो. म्हणालो, उद्या सांगलीला चल.

"कशाला?"

"डॉक्टरांना दाखवायला."

"तो डॉक्टर बाप्या हाय न्हवं?"

"आहे. पण डॉक्टर आहे गं तो."

"मग? बाप्याला कंबर दाखवू व्हय मी ह्या वयात? त्यापरास खाजवून मरीन."

मी समजावलं, मंगलनं समजावलं. आई हूं की चूं करेना. नऊवारीचा काष्टा आवळून ती पाठ करून बसली. दोन दिवस हे चाललं. इकडे ऋषिराजच्या सुट्टीला महिना उरलेला. आईची झोप उडालेली, जेवण कमी झालेलं. बीपी वाढलं तर? डोंगर कसा चढणार? मला घोर लागला.

आणि मग माझ्या डोक्यात आलं. अहो, रोग तोच आहे. माझ्याच टॉवेलवरनं गेलाय तिला, कायदा लागायच्या आधी. तोच रोग, तर औषधही तेच. यात डॉक्टर वेगळं काय देणार? आणि आमच्या घरात कुठलीही चीज कधी एकट्यानं खाल्लेली नाही. भाकरी असो, पेरू असो, बाजारातनं आणलेलं वडापावचं पाकीट असो, आई ते मोडून निम्मं पुढं करणार. मी निम्मं केलं. रोज दोन कॅप्सूल होत्या ना? सकाळची आईला, संध्याकाळची मला. मला तशीही खाज उरली नव्हती.

आणि मी ती तिला पोटभर जेवणावर दिली, बरं का! नियम म्हणजे नियम. तिच्या डबीतल्या रोजच्या कप्प्यात, बीपीच्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळीच्या अगदी शेजारी, मी ती कॅप्सूल स्वतःच्या हातानं ठेवली. ठेवताना डॉक्टरांनी मला विचारलेले प्रश्न मला आठवले नाहीत. ते त्यांनी माझ्याबद्दल विचारले होते आणि मी त्यांची उत्तरं दिली होती. विषय संपला होता.

आठ दिवसांत आईची खाज थांबली. ती झोपू लागली. "मानसिंगचा हात लय चांगला हाय," असं तिनं धोंडुबाईंना सांगितलं आणि मी ओसरीवर इस्त्री करता करता ते ऐकलं. सांगायला लाज वाटते, पण मी फार खूश झालो.

बाराव्या-तेराव्या दिवशी मंगल म्हणाली, "आत्यांच्या पायात चप्पल जाईना." मी बघितलं. पाऊल थोडं फुगलं होतं. बापूंनी फाटकावरूनच निदान केलं, "पाय खाली सोडून बसत्यात दिसभर, सुजणारच की." धोंडुबाईंनी धन्याचं पाणी सांगितलं. मंगलनं पाल्याचा विषय काढायच्या आत मी हात वर केला आणि म्हणालो, "उकाड्याची सूज आहे. मिठाच्या गरम पाण्यात पाय ठेवायचे." आणि संध्याकाळी मी स्वतः तिच्या पायांशी बादली घेऊन बसलो. सकाळी माझा घोटा दाबून बघत होतो, संध्याकाळी तिचे सुजलेले पाय शेकत होतो. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध असेल असं माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. आता सांगताना माझंच मला थोबाडीत मारावंसं वाटतं.

रविवारी सकाळी मी डबी भरून उठतोय तोच ऋषिराजचा व्हिडिओ कॉल आला. आधी त्यानं नेहमीप्रमाणे मला विचारलं, काय दादा, आई कशी? मी म्हणालो, एकदम फस्क्लास. मग तो आईला म्हणाला, "आई, डोंगर चढायचाय न्हवं? जरा चालून दाखव मला." आई हसत उठली. दारापासून नळापर्यंत गेली आणि परत आली. वीसेक पावलं असतील. येऊन बसली ती भिंतीला टेकून, तोंड उघडं टाकून. बोलायला गेली तर शब्द अर्ध्यात तुटायला लागला.

ऋषिराज हसायचा थांबला. "दादा, फोन पायाकडं कर." मी केला. "बोटानं दाब." मी दाबलं. "खड्डा पडतोय?"

"पडतोय."

"भरतोय का?"

मी बघत राहिलो. माझ्या बोटाचा खड्डा आईच्या पायावर तसाच राहिला होता.

"दादा, गाडी बोलाव. आत्ताच्या आत्ता. अंघोळ-बिंघोळ काही नको."

बापूंनी जावयाची गाडी काढायला लावली आणि जावयाला बाजूला सारून स्वतः चाकावर बसले. सांगलीपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. तीस वर्षांत एवढा वेळ गप्प बसलेले बापू मी पहिल्यांदा बघितले. त्यामुळे मला जास्तच भीती वाटायला लागली. मागे आईनं माझा हात घट्ट धरला होता आणि मी मनात यमाईला म्हणत होतो, काय करायचं ते मला कर.

दवाखान्यात आईला ऑक्सिजन लावला, लघवीचं इंजेक्शन दिलं, छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली. हार्टच्या मॅडम आल्या. पंप आणखी मंदावलाय, अंगात पाणी साठलंय म्हणाल्या. "नवीन काही औषध सुरू केलं होतं का?"

"छे!" मी म्हणालो. "गोळ्या मी स्वतः देतो. कप्प्यांची डबी आहे. एक दिवस चुकवलेला नाही."

"बघू डबी."

मी पिशवीतनं डबी काढून दिली. मॅडमनी सोमवारचा कप्पा उघडला. एक, दोन, तीन, चार मोजून त्यांनी पाचवी बाजूला काढली. हिरवी-निळी कॅप्सूल. त्यांनी ती तळहातावर धरून माझ्याकडे बघितलं. त्या क्षणी डॉक्टर राजवर्धनांचे सगळे प्रश्न ओळीनं माझ्या कानात वाजले. हृदयाचा त्रास? बीपी? कोलेस्टेरॉल? आणि प्रत्येकाचं उत्तर पलंगावर तोंडाला मास्क लावून बसलं होतं.

"ही बुरशीची आहे," मॅडम म्हणाल्या. "अशक्त हृदयाच्या माणसाला ही द्यायचीच नसते. शिवाय बीपीच्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळीचा जोर ही नको तेवढा वाढवते. कुणी दिली ही यांना?"

मी हातातल्या पिशवीची घडी घालायला लागलो. तेवढ्यात आईनं मास्क एका हातानं खाली ओढला.

"म्या घितली. ह्येच्या पाकिटातनं. चोरून."

मॅडम तिच्याकडे वळल्या. "अहो आजी, दुसऱ्याचं औषध असं खातात का? जिवावर बेतलं असतं! खाज होती तर दाखवायचं. खालच्या मजल्यावर लेडी डॉक्टर बसतात स्किनच्या."

"चुकलं माजं," आई म्हणाली आणि तिनं मान खाली घातली.

बहात्तर वर्षांची माझी आई मान खाली घालून बोलणी खात होती आणि मी शेजारी उभा होतो. गेला महिनाभर साऱ्या आष्ट्याला औषधाचं शहाणपण शिकवणारा मी. मॅडम केसपेपरवर लिहायला लागल्या, पेशंटनं स्वतःच्या मनानं... तेव्हा कुठं मी पुढं होऊन कागदावर हात ठेवला.

"ते लिहू नका मॅडम. मी दिली. माझ्या हातानं डबीत घातली. रोज. चौदा दिवस."

मॅडमनी पेन थांबवलं. "तुम्ही काय करता?"

"हायस्कुलात लिपिक आहे."

त्यांनी लिहिलेलं खोडलं आणि पुन्हा लिहिलं, आणि मी ते उलट्या बाजूनं वाचत उभा राहिलो.

पाच दिवसांत आईची सूज उतरली. धाप कमी झाली. लेडी डॉक्टर वर येऊन तिची कंबर बघून गेल्या आणि तिला नुसतं लावायचं औषध दिलं, स्टेरॉइड नसलेलं. औंधचा डोंगर मात्र सध्या नाही, असं मॅडमनी ऋषिराजला फोनवर स्पष्ट सांगितलं. त्या दिवसापासून तो आईची चौकशी मंगलकडं करू लागला. ते मला फार लागलं.

आईला घरी सोडायच्या आदल्या दिवशी वॉर्डात आम्ही दोघंच होतो. मी आईला विचारलं, "खोटं का बोललीस?"

"चार लोकांत तुला कुणी बोललेलं मला खपत न्हाई."

"पण चूक माझी होती."

"व्हती की. मी कुठं न्हाई म्हनती? घरी चल, मग बोलती."

घरी आलो. ओसरीवर तिला बसवलं. बापू आले, धोंडुबाई आल्या, मंगल पाणी घेऊन आली. मी मान खाली घालून समोर उभा राहिलो, म्हटलं आता जे काय असेल ते एकदाचं होऊन जाऊ दे. आईनं पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला.

"मानसिंग, ती गोळी दिसाला दोन खायाची व्हती न्हवं तुला?"

"हो."

"आन् एक मला दिलीस."

"हो."

"म्हंजी तू चौदा दिस निम्मंच औषध खाल्लंस!" तिचा आवाज असा चढला, की बापू दोन पावलं मागे सरकले. "मला कशाला दिलीस ते ऱ्हाऊ दे. तुजं निम्मं का केलंस? तुजं कोन बघनार हाय रं? वर कर ती बाही!"

मी बाही वर केली. काखेत रुपयाएवढा लाल चट्टा उठला होता.